फोटोखालची ओळ

तीन तरुण स्त्रिया शेजारी शेजारी बसल्या आहेत. डावीकडे साडीतल्या आनंदीबाई जोशी, मधे किमोनो घातलेल्या जपानच्या केई ओकामी आणि उजवीकडे सीरियाच्या पारंपरिक पोशाखातल्या साबात इस्लामबूली. तिघींपैकी कुणीही हसत नाही. गाव फिलाडेल्फिया, तारीख १० ऑक्टोबर १८८५. पेनसिल्व्हेनियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात त्या तिघी शिकत होत्या आणि डीनच्या स्वागतसमारंभाच्या निमित्ताने हा फोटो काढला गेला. रेचल बॉडली तेव्हा डीन होत्या. ते कॉलेज पुढे ड्रेक्सेल विद्यापीठात विलीन झाले आणि फोटो आज त्या विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अभिलेखागारात आहे.

मराठी वाचकाला हा फोटो नवा नाही. गेल्या काही वर्षांत तो मोबाइलवरून इतका फिरला आहे की ज्यांनी आनंदीबाईंवरचे एकही पुस्तक उघडलेले नाही, त्यांनीही तो पाहिलेला असतो. आठ मार्चला तो हमखास येतो, आनंदीबाईंच्या जयंतीला ३१ मार्चला पुन्हा येतो. तरीही मला वाटते की आपण तो नीट पाहिलेला नाही. नीट वाचलेला तर नाहीच.

‘वाचलेला’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. जुने फोटो आठवणी जपतात असे आपण सरसकट म्हणतो. मी कोणत्याही विद्यापीठाचा माणूस नव्हे. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात उकिडवे बसून फोटो चाळत आलो, आणि त्यातून जे सुचले ते लिहीत आलो. इतके फोटो हाताखालून गेल्यावर माझे मत असे झाले आहे की फोटो चेहरा जपतो, कपड्यांच्या चुण्या जपतो, खुर्चीच्या पायावरचे नक्षीकामसुद्धा जपतो. पण चेहरा कोणाचा हे त्याला सांगता येत नाही. ते कुणीतरी लिहून ठेवावे लागते. आठवण असलीच तर त्या लिहिलेल्या ओळीत असते, आणि नेमकी तीच ओळ आपण सर्वांत आधी कापून टाकतो.

फिलाडेल्फियाच्या फोटोखाली अशी ओळ आहे. इंग्रजीत तिघींची नावे क्रमाने दिली आहेत: डॉ. आनंदाबाई जोशी, सेरॅनिसोर, इंडिया. डॉ. केई ओकामी, टोकियो, जपान. डॉ. ताबात एम. इस्लामबूली, दमास्कस, सीरिया.

आता ही ओळ हळू वाचून पाहू. पहिलाच शब्द ‘डॉ.’ तिघींच्याही नावामागे तो आहे. फोटो मात्र ऑक्टोबर १८८५ मधला, आणि त्या दिवशी तिघींपैकी एकही डॉक्टर नव्हती. आनंदीबाईंना एम. डी. मिळाली ११ मार्च १८८६ रोजी. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून गेल्या होत्या. ओकामी पदवीधर झाल्या १८८९ मध्ये, इस्लामबूली १८९० मध्ये. कॉलेजातली कुणी शहाणी व्यक्ती शिकत असलेल्या मुलींना ‘डॉक्टर’ म्हणणार नाही. तेव्हा तिघींनाही डॉक्टर म्हणणारी ही ओळ १८९० च्या आधी लिहिली गेलेली असणे शक्य दिसत नाही. म्हणजे चित्र एका दिवसाचे आणि त्याखालची ओळ निदान पाच वर्षे नंतरची.

त्या पाच वर्षांत काय घडले हे आपल्याला माहीत आहे. आनंदीबाई १८८६ च्या ऑक्टोबरात परत निघाल्या, नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या त्या क्षयाने पोखरलेल्या अवस्थेत. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूक झालेली होती. तिथे त्या रुजू होऊच शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. फोटो काढल्याला जेमतेम साडेसोळा महिने झाले होते. ओकामी आणि इस्लामबूली यांना पदवी मिळाली तेव्हा त्यांच्याबरोबर फोटोला बसलेली मैत्रीण जगात नव्हती.

ओळ लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसेल, असे मानणे कठीण आहे. आनंदीबाईंच्या अस्थी थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे अमेरिकेत पाठवल्या गेल्या आणि पकीप्सीच्या दफनभूमीत त्यांची शिळा उभी राहिली. कॅरोलाइन डॉल यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र १८८८ मध्येच बॉस्टनला छापून निघाले होते. तरी ओळीत मृत्यूचा उल्लेख नाही. आपल्याकडे कुणी लिहिले असते तर ‘कै.’ आधी आले असते, बाकीचे नंतर. इथे तिघींना एकाच मापाने मोजले आहे: पदवी, नाव, गाव, देश. एकीला ती पदवी फार थोडे दिवस वापरता आली, हे ओळीच्या हिशेबात नाही. मला हा हिशेब आवडतो. हार घातलेल्या फोटोंच्या देशात वाढल्यामुळे असेल, पण गेलेल्या माणसाला तिच्या कामाच्या नावाने हाक मारणारी ही ओळ मला आपल्या शंभर श्रद्धांजल्यांपेक्षा जवळची वाटते.

दुसरा शब्द ‘सेरॅनिसोर’. असे गाव हिंदुस्थानात नाही. गाव आहे बंगालमधले सेरामपूर, म्हणजे श्रीरामपूर. गोपाळराव तिथे पोस्टात होते, आणि अमेरिकेला आपण का जातो हे आनंदीबाईंनी तिथल्याच कॉलेजच्या सभागृहात फेब्रुवारी १८८३ मध्ये जाहीर भाषणात सांगितले होते. मग सेरामपूरचे सेरॅनिसोर कसे झाले? माझा तर्क असा की ओळ लिहिणाऱ्यापुढे कुणाच्या तरी हाताने लिहिलेला कागद होता. लपेटीदार इंग्रजी अक्षरात ‘एम’च्या शेवटच्या कमानीला ‘पी’ची शेपटी चिकटली की तिथे ‘एन’ आणि ‘वाय’ दिसू लागतात, आणि ‘पी’चा उरलेला गोळा ‘एस’सारखा भासतो. मोडी वाचणाऱ्यांना हा प्रकार सांगायला नको. तिथे तर एका काट्याने घराणे बदलते. तर्क बरोबर असेल तर ओळ लिहिणाऱ्याने आनंदीबाईंना गाव विचारलेले नाही. कागदावर पाहून उतरवले आहे. चूक आहे खरी, पण ती उपयोगी चूक आहे, कारण ओळीच्या मागे आणखी एक कागद होता याची ती साक्ष देते. इस्लामबूलींचे नाव तर कुठे साबात, कुठे ताबात, कुठे थाबात असे सापडते. अरबी उच्चार रोमन लिपीत बसवताना प्रत्येकाने आपापले शिवण घातले आहे.

मग आपण या फोटोचे काय केले? एक तर तो कापला. मराठीत तो छापताना बहुतेक वेळा डावीकडची एकटी स्त्री ठेवतात. ओकामी आणि इस्लामबूली जातात आणि त्यांच्याबरोबर खालची ओळही जाते. तिघी ठेवल्याच, तर खाली नवी ओळ येते: ‘पदवीदान समारंभातील छायाचित्र’, किंवा ‘जगातील पहिल्या तीन महिला डॉक्टर’. दोन्ही मी छापील स्वरूपात वाचले आहे आणि दोन्ही खोटे आहे. समारंभ पदवीचा नव्हता, आणि अमेरिकेतच त्या आधी पस्तीस-छत्तीस वर्षे बायका डॉक्टर होत होत्या. ज्या कॉलेजात या तिघी शिकल्या ते स्वतःच १८५० मध्ये बायकांना वैद्यक शिकवण्यासाठी निघाले होते.

तिसरी खोटी ओळ थोडी अवघड आहे, कारण तिच्यात प्रेम आहे. ‘नऊवारी नेसून अमेरिकेत डॉक्टर झालेली मराठी मुलगी.’ आनंदीबाई हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असे सांगून गेल्या होत्या, आणि त्यांनी ते आहारात, पोशाखात, वागण्यात पाळले. त्यामुळे त्यांच्या अंगावरची साडी पाहताना आपल्याला पाळलेला शब्द दिसतो. पण त्यांच्या पत्रव्यवहारातून कळते की फिलाडेल्फियाच्या थंडीत पोटऱ्या उघड्या ठेवणारे काष्ट्याचे लुगडे चालेना, म्हणून विचार करून त्यांनी गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली. पूर्ण पाय झाकणारी, आत ऊब देणारे कपडे घालता येतील अशी. पुण्यातल्या एखाद्या सोवळ्या घरात त्या काळी ही नेसण कशी पाहिली गेली असती, याची कल्पना वाचकांनीच करावी. ती माहिती मनात ठेवून फोटोकडे पाहिले की परंपरेचा पुरावा म्हणून आपण ज्या वस्त्राकडे बोट दाखवतो, तिथे वीस वर्षांच्या मुलीने एकटीने, परदेशात, कुणाला न विचारता घेतलेला एक निर्णय दिसतो. थंडी, शील, शब्द आणि शिक्षण यांच्यात तिने काढलेली वाट त्या निऱ्यांत आहे. ‘नऊवारी’ म्हटले की ती वाट पुसली जाते.

आणि साडी कुणासाठी होती, हाही प्रश्न आहेच. तीन देशांच्या तीन मुली आपापल्या देशाच्या पोशाखात ओळीने बसवायच्या, ही कल्पना त्या काळच्या अमेरिकन डोळ्यांची. कॉलेजला दाखवायचे होते की पाहा, आमच्याकडे कुठून कुठून मुली येतात. या मांडणीला एक वंशावळ आहे आणि ती सुखाची नाही.

फोटोग्राफी आपल्याकडे फार लवकर आली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती आणि तिच्या सुरुवातीच्या मंडळींत भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. तेव्हा कॅमेऱ्याच्या मागे फक्त साहेबच होता असे नाही. पण कॅमेऱ्याच्या पुढे कोण आणि कसा, हे ठरवण्यात साहेबाचा शब्द मोठा होता. विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या निरनिराळ्या जातिजमातींचे फोटो घेऊन दोन खंड काढले, पहिला १८६३ मध्ये, दुसरा १८६६ मध्ये. त्यातली गंमत अशी की माणसे स्टुडिओत उभी केलेली आणि मागचा देखावा दुसऱ्याच काचेवरून छापलेला. म्हणजे मंडळी कधीच न गेलेल्या ठिकाणी कायमची उभी राहिली. पुढे १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड लंडनहून निघाले. त्यात साडेचारशेहून अधिक फोटो आहेत, आणि बहुतेक फोटोंखाली माणसाचे नाव नाही. जात आहे, जमात आहे, प्रदेश आहे, स्वभावाविषयी चार उद्धट वाक्ये आहेत. माणूस म्हणजे नमुना.

सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये लंडनला गेले असताना त्यांनी हा ग्रंथ पाहिला आणि ते फार व्यथित झाले. त्यांनी लिहून ठेवलेला प्रसंग असा की त्यांचा मुलगा ग्रंथ चाळत असताना एका तरुण इंग्रजाने त्याला विचारले, तूही हिंदुस्थानीच का? मुलाने हो म्हटले, पण त्याचा चेहरा लाल झाला आणि आपण मूळ रहिवाशांपैकी नसून आपले पूर्वज बाहेरून आले होते, असे त्याने घाईने जोडून दिले. हा प्रसंग बहुधा अपमानाचा दाखला म्हणून सांगितला जातो. मला त्यातले शेवटचे वाक्य जास्त बोचते. फोटोतल्या माणसांना नमुना केल्याची चीड त्यात आहे, पण आपली सुटका करून घेताना त्या माणसांना तिथेच सोडून जाणेही आहे.

या पार्श्वभूमीवर फिलाडेल्फियाची ओळ पुन्हा पाहावी. मांडणी नमुन्यांचीच आहे: हिंदी, जपानी, सीरियन, आपापल्या वेषात. ओळीने मात्र ती मांडणी मोडली. तिघींना नावे दिली, पदव्या दिल्या, गावे दिली, चुकीच्या स्पेलिंगांसह दिली. ‘अ हिंदू विडो’ किंवा ‘ब्राह्मण वुमन’ छापाच्या ओळीपेक्षा ‘डॉ. आनंदाबाई जोशी, सेरॅनिसोर’ ही चुकीची ओळ कितीतरी खरी आहे. आणि आपण जेव्हा ती कापून ‘नऊवारीतली मराठी मुलगी’ लिहितो, तेव्हा भक्तिभावाने का होईना, तिला पुन्हा नमुन्यांच्या खंडात नेऊन ठेवतो.

कापाकापीला माझा सरसकट विरोध आहे असे मात्र कुणी समजू नये. आपल्या घरांतून फोटो कापले गेले त्याला दुःखाची कारणे होती. पूर्वीच्या बाईचा एकटीचा फोटो क्वचितच असे. लग्नाचा एक, नाहीतर कुणाच्या मुंजीतला गटाचा एक. ती गेली की तेराव्याच्या आत भिंतीवर लावायला फोटो हवा. मग गटाचा फोटो घेऊन स्टुडिओत जायचे, आणि फोटोग्राफर तिचा चेहरा मोठा करून, शेजारच्या जावेचा खांदा ब्रशने पुसून एन्लार्जमेंट करून द्यायचा. जुन्या घरांत असे फोटो पाहिले की मी आधी खांद्याकडे पाहतो. पुष्कळदा तो पुरता पुसलेला नसतो. पदराच्या कडेला एक राखाडी उंचवटा राहिलेला असतो, आणि बाई एकटी नव्हती हे तो सांगत राहतो. ही कापणी आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठीची कापणी एका मापाने मोजता येणार नाही. घरच्या लोकांना बाईचे नाव माहीत होते. मूळ गटाचा फोटो ट्रंकेत होता. पुढे ट्रंक गेली ती गोष्ट वेगळी.

रंगांचेही तसेच. हल्ली यंत्राकडून जुने फोटो रंगवून घेण्याची हौस आहे आणि आनंदीबाईही त्यातून सुटलेल्या नाहीत. कधी त्यांची साडी जांभळी दिसते, कधी हिरवी, कधी कुंकवाची लाल. एक साधी तांत्रिक गोष्ट इथे सांगायला हवी. त्या काळच्या सर्वसाधारण काचेच्या प्लेटा निळ्या उजेडाला जागत आणि लाल उजेडाला जवळजवळ आंधळ्या असत. त्यामुळे निळे वस्त्र फोटोत फिकट येई, आभाळ पांढरे फटक येई, आणि लाल काळपट पडे. म्हणजे करड्या छटेवरून मूळ रंग ओळखायला गेलो तर गडद दिसणारे लुगडे लाल असू शकते आणि फिके दिसणारे चांगले गडद निळे. आपल्या डोळ्यांना जी छटा स्वाभाविक वाटते ती त्या प्लेटेची स्वाभाविक छटा नव्हती. यंत्र ज्या ऐटीत रंग भरते त्याला आधार काहीच नाही. आपल्याकडच्या स्टुडिओंतही फोटो रंगवत, आणि कित्येकदा इतके रंगवत की खालचा फोटो शोधावा लागे. पण तिथे रंगाऱ्याला विचारायची सोय होती. शालू कोणत्या रंगाचा, पगडी कोणती, हे गिऱ्हाईक स्वतः सांगे. तो रंग आठवणीतून आलेला असे, भले मग तो चार घरे भडक का असेना.

आता जरा खाली, जमिनीवर येतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जुने फोटो मिळतात ते सुटे. अल्बम मोडला की जास्त पैसे येतात. दागिन्यांनी मढलेली बाई, पगडीवाला गृहस्थ, घोडा, मोटार, असे एकेक वेगळे विकले जाते. यांतले पुष्कळसे कॅबिनेट कार्ड या प्रकारचे, म्हणजे साधारण सव्वाचार इंच रुंद आणि साडेसहा इंच उंच जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले. जुने असले तर कागद अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्याने लेपलेला, आणि म्हणून आज चहाच्या डागासारखा पिवळट. गिऱ्हाईक पुढून पाहते. मी उलटून पाहतो, त्यामुळे विक्रेते मला जरा विचित्र समजतात.

पाठीवर काय काय असते! स्टुडिओचे नाव आणि पत्ता, कधी पदकांची चित्रे, कधी ‘निगेटिव्ह जपून ठेवली आहे, जादा प्रती मागवाव्यात’ असे आश्वासन. ते आश्वासन वाचताना हसू येते आणि वाईटही वाटते, कारण स्टुडिओ बंद झाले की काचा धुऊन खिडक्यांना आणि तसबिरींना लावल्या गेल्या. ज्या राहिल्या त्यांतल्या कित्येक आगीत आणि ओलीत गेल्या. कोलकात्याच्या बोर्न अँड शेफर्डसारख्या नामांकित स्टुडिओचा कितीतरी संग्रह १९९१ च्या आगीत नष्ट झाला. लहान गावांतल्या स्टुडिओंची तर कुणी बातमीही केली नाही. त्याखाली, नशीब असेल तर, पेन्सिलीने लिहिलेली ओळ. कधी बाळबोध, कधी मोडी. विक्रेत्याला मोडी म्हणजे रेघोट्या. एकदा तर माझ्यादेखत एकाने कार्ड ‘स्वच्छ’ करण्यासाठी ओल्या फडक्याने पाठ पुसली.

माझ्याकडे एका कुटुंबाच्या गटाचे कार्ड आहे. वाड्याच्या चौकात सतरंजी, तिच्यावर खुर्च्या, सात माणसे. पाठीवर नीटस बाळबोध अक्षरात ‘डावीकडून’ म्हणून यादी आहे. चार पुरुषांची नावे आडनावासकट. दोन स्त्रिया आहेत, त्या ‘सौ.’ आणि पुढे नवऱ्याच्या नावाचे आद्याक्षर. सातवा, उजव्या टोकाला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा असलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा. त्याच्यासाठी एकच शब्द आहे: ‘गडी’. फोटोत सर्वांत स्पष्ट चेहरा त्याचा आला आहे. बाकीचे थोडे हलले आहेत. हा हललेला नाही. यादी करणाऱ्याला दुष्ट म्हणण्यात अर्थ नाही, त्याच्या डोळ्यांना ती यादी पूर्ण वाटत होती. पण हे कार्ड हातात घेतले की ‘द पीपल ऑफ इंडिया’ फक्त लंडनला छापले गेले असे मला म्हणवत नाही. त्याचे छोटे छोटे खंड आपल्या वाड्यांतून तयार होत होते, आणि कोणाला नाव द्यायचे, कोणाला जात, कोणाला नुसते काम, हे आपणच ठरवत होतो.

म्हणूनच आनंदीबाईंच्या फोटोकडे पाहताना त्यांच्या ब्राह्मण्याचे, इंग्रजी शिक्षणाचे, परदेशी स्नेह्यांचे पाठबळ विसरून चालणार नाही. नाव लिहिले जाण्याइतकी जागा त्यांना मिळाली. ती त्यांनी जिवाच्या मोलाने मिळवली, हेही तितकेच खरे. आणि ती जागा त्यांच्या एकटीच्या नावाची आहे. मराठी वाचकाच्या मनातली आनंदीबाई मुख्यतः श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या कादंबरीने घडवली, आणि त्या कादंबरीच्या नावात ‘आनंदी’ला ‘गोपाळ’ जोडलेला आहे. कादंबरी वाचनीय आहे, तिने पिढ्यांना रडवले आहे. पण तिच्यामुळे आनंदीबाईंकडे पाहताना आपण नकळत बाजूला गोपाळराव शोधतो. फिलाडेल्फियाच्या फोटोत गोपाळराव नाहीत. तिथे शेजारी ओकामी आहेत. वर्गातल्या, प्रेतविच्छेदनाच्या टेबलावरच्या, त्याच थंडीत आपापल्या वस्त्रांची तीच अडचण सोसणाऱ्या सोबती. फोटोतून त्यांना कापले की आनंदीबाई पुन्हा एकट्या पडतात, नाहीतर पुन्हा कुणाची तरी पत्नी होतात. अंजली कीर्तने यांनी आनंदीबाईंवर केलेले संशोधन आणि मीरा कोसंबी यांनी पत्रांच्या आधारे मांडलेले चरित्र आल्यानंतर तरी ही कापणी थांबायला हरकत नव्हती.

मराठी चरित्रग्रंथांतल्या फोटोंच्या पानांविषयी एक तक्रार इथे नोंदवतो. मजकुरात प्रत्येक तारखेला टीप देणारे लेखक फोटोंच्या पानावर आले की एकदम सैल होतात. ‘एक दुर्मिळ छायाचित्र’. ‘तरुणपणी’. ‘स्नेह्यांसमवेत’. कोणते स्नेही? कोणत्या साली? मूळ प्रत कुठे, पाठीवर काही लिहिले आहे का, फोटो पूर्ण आहे की कापलेला? पत्र छापताना मधले वाक्य गाळले तर आपण तीन टिंबे देतो. फोटोतून दोन माणसे गाळली तर टिंबेसुद्धा देत नाही. संपादकांना हे मी दोन-तीनदा बोलून दाखवले. जागेची अडचण, असे उत्तर मिळाले. पाठीची बाजू छापायला अर्धे पानही लागत नाही.

केई ओकामी जपानला परतल्या, टोकियोच्या एका रुग्णालयात त्यांनी काम केले, ते सोडल्यावर स्वतःचा दवाखाना चालवला, आणि १९४१ मध्ये, वयाची ऐंशी वर्षे ओलांडून, त्या गेल्या. म्हणजे फिलाडेल्फियाच्या त्या समारंभानंतर त्या आणखी छप्पन्न वर्षे जगल्या. आमच्या ग्रंथालयातल्या आनंदीबाईंवरच्या पुस्तकांत मी त्यांचे नाव शोधत असतो. नुकतेच एका शाळकरी पुस्तिकेत तिघींचा पूर्ण फोटो छापलेला दिसला, खालच्या इंग्रजी ओळीसकट. ‘सेरॅनिसोर’ तसेच ठेवले होते आणि शेजारी चौकटी कंसात कुणीतरी ‘श्रीरामपूर’ असे दिले होते.